गुण्यामामांची हजेरी

कॉलेजचं पहिलं सेमिस्टर संपवून मी घरी गेलो तेव्हा आत्याने विचारलं, "मग, काय काय शिकलास एवढ्या सहा महिन्यांत?"

"लोखंड घासायला," मी म्हणालो.

आत्याने आईकडे असं पाहिलं, की माझं लग्न जमण्याचे सगळे रस्ते त्या क्षणी बंद झाले. पण मी थट्टा करत नव्हतो. त्या सेमिस्टरला मला गणितात चौऱ्याऐंशी मार्क मिळाले होते आणि आज त्यातलं एकही सूत्र मला धड आठवत नाही. लोखंड घासायची कानस कशी धरायची ते मात्र झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आणि ज्यांनी ते शिकवलं, ते माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर बसायचे.

मी आमच्या गावच्या शाळेत पहिला आलो होतो. गाव लहान, शाळा त्याहून लहान, दहावीच्या वर्गात आम्ही एकोणीस जण, त्यातले चार जण परीक्षेपुरते उगवणारे. अशा ठिकाणी पहिलं येण्यात फारसा पराक्रम नसतो, पण ते मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. डिप्लोमाच्या पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, मी तिसऱ्या बाकावर ताठ बसून होतो. आठाला पाच कमी असताना एक गृहस्थ आत आले. चाळिशी ओलांडलेली, अंगात निळा डगला, खिशाला दोन पेन्सिली, कानांवरचे केस पांढरे. आख्खा वर्ग ताडकन उभा राहिला. "गुड मॉर्निंग, सर!"

गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. आपल्यामागून कोणी सर येतायत की काय, अशी त्यांची समजूत झाली असावी.

"बसा रे, बसा," ते म्हणाले. "मी तुमच्यातलाच." आणि सरळ माझ्या बाकापाशी येऊन, "जरा सरक," म्हणत बसले.

"तुम्ही विद्यार्थी आहात?" मी विचारलं.

"रोल नंबर एकाहत्तर. तुझा?"

"बावन्न."

"मग तू मला सीनियर झालास की. अहो-जाहो करू का?"

तेवढ्यात खरेखुरे सर आले. ते दिसायला आमच्याहून फार तर दोन इयत्ता पुढचे. त्यांच्यासाठी कोणीच उठलं नाही. एक माणूस सोडून. एकाहत्तर नंबर उभा राहिला, आणि सरांनी त्यांना घाईघाईने हाताने खाली बसवलं. सर याच कॉलेजात शिकले होते आणि त्यांचाही हात या माणसाने धरून कानशीवर ठेवला होता, हे आम्हाला दुपारी कळलं.

दुपारी आमच्या तुकडीचं वर्कशॉप होतं. अठ्ठेचाळीस ते एकाहत्तर अशी शेवटची तुकडी, दर मंगळवारी दोन ते पाच. लांबलचक पत्र्याचं छप्पर, दोन्ही भिंतींना उंच खिडक्या, मध्ये लाकडी टेबलांच्या रांगा आणि टेबलांच्या कडेला लोखंड पकडायचे शेगडे बसवलेले. टोकाला जाळी लावलेली हत्यारांची खोली. जाळीला एक खिडकी. तिथे आपल्या नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि कानस, करवत, हातोडी घ्यायची. त्या खिडकीत कोण उभं असावं?

"सीनियर, बिल्ला?" एकाहत्तर नंबर म्हणाले.

सकाळी आमच्या बाकावर आणि दुपारी आमच्या डोक्यावर, अशी ही व्यवस्था होती.

आधीच्या कित्येक तुकड्यांनी त्यांना गुण्यामामा हे नाव देऊन ठेवलं होतं. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं साधं हत्यार, दोन पोलादी पट्ट्या नव्वद अंशांत जोडलेल्या. मामांच्या डाव्या हातात तो कायम असायचा, बाकीच्यांच्या हातात मनगटी घड्याळ असतं तसा. तुम्ही घासलेला तुकडा न्या, मामा गुण्या त्याला लावायचे आणि दोन्ही मिळून खिडकीकडे धरायचे.

"उजेड दिसतो?"

"नाही, मामा."

"नीट बघ. तुझा आहे म्हणून बघू नकोस. दुसऱ्या कोणाचा आहे असं समजून बघ."

मग दिसायचा. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून, केसाएवढ्या फटीतून, खिडकीतला सगळा उजेड तुमच्यावर हसत बाहेर यायचा.

माझी पहिली चूक अगदी पहिल्या दिवशीची. दीड तास घासून एक बाजू गुळगुळीत झाली. मी खुशीत येऊन तिच्यावरून अंगठा फिरवला. मामा तीन शेगड्यांपलीकडे पाठमोरे उभे होते.

"बावन्न, हात फिरवलास ना?"

"नाही."

"मग कानस घसरायला का लागली?"

खरंच घसरत होती. हाताचा घाम लोखंडाला लागला की कानस धरत नाही, नुसती वरून घरंगळते, हे तेव्हा कुठे माहीत! मामांना ते नुसत्या आवाजावरून कळलं होतं. "काम होईपर्यंत कौतुक करायचं नाही," ते म्हणाले. "पुस. खडू लाव. पुन्हा."

शाळेत मला पाच वर्षं लोकांनी अंगठा फिरवायलाच शिकवलं होतं. मला जरा रागच आला.

मामा तेविसाव्या वर्षी या वर्कशॉपात लागले. त्याआधी पंपाचे भाग करणाऱ्या कारखान्यात होते, तो बंद पडला. इथे त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर काम लिहिलं होतं: हत्यारे देणे, घेणे, तेल लावणे, झाडलोट. एकवीस वर्षं त्यांनी हे सगळं केलंच, आणि वर मुलांना शिकवलं, जे कागदावर कुठेच नव्हतं. शिकवायचे अधिकृत निदेशक म्हणजे आमचे मास्तर, साठीला टेकलेले, जाड चष्म्याचे, मनाने अतिशय भले. प्रत्येक जॉबबरोबर, म्हणजे घासून करायच्या तुकड्याबरोबर, एक कार्ड असायचं आणि कार्डाच्या तळाशी ‘तपासणाऱ्याची सही’ अशी जागा. मामा तपासायचे, कार्ड मास्तरांकडे न्यायचे, मास्तर सही करायचे.

"मी बघतपण नाही," मास्तर आम्हाला उघड सांगायचे. "याने आणलं म्हणजे झालं. खरं तर चष्म्यातून मला दिसतही नाही."

मास्तर उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी कॉलेजातल्याच माणसाला घ्यायची सोय नियमात होती, पण दोन अटींवर. माणूस डिप्लोमाला बसलेला हवा आणि निदान पहिलं सेमिस्टर सगळ्या विषयांत पास हवा. आणि वय पंचेचाळिसाच्या आत हवं. मामांना पावसाळ्यात पंचेचाळीस पूर्ण होणार होती. म्हणजे हेच सेमिस्टर. पुढचं चालणार नव्हतं. हुकलं तर बाहेरून कोणी नवा निदेशक येणार, आणि मामा पुन्हा तपासून कार्ड त्याच्याकडे नेणार, साठीपर्यंत.

"पण मामा, तसंही तुम्हीच शिकवता. सहीने काय फरक पडतो?" मी एकदा शहाणपणा केला.

ते हत्यारांना तेल लावत होते. "एकवीस वर्षं बरोबर-चूक मी सांगतोय," ते म्हणाले. "मुलगा इथून जातो, नोकरीला लागतो, कार्ड दाखवतो. कार्डावर मी कुठंय? उद्या त्याचं काम वाईट निघालं तर मला कोणी विचारणारपण नाही. ते मला जास्त लागतं."

आपल्याला बोलणी बसायचा हक्क हवा म्हणून धडपडणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मी स्वतः तर तो हक्क चुकवण्यात वाकबगार होतो.

प्राचार्यांनी त्यांना सकाळी दोन तास वर्गात बसायची परवानगी दिली होती, बदल्यात संध्याकाळी दोन तास जास्त थांबायचं. वर्गात ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत सगळं लिहून घ्यायचे, सर खोकले तरी त्यांचं पेन जरा थबकायचं. अडचण होती गणिताची. सदतीस वर्षांपूर्वी शिकलेली वजाबाकी त्यांच्याकडे शाबूत होती, पण तिच्यात अक्षरं घुसली की ती बिथरायची. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना शिकवायला लागलो. मोठ्या मनाने वगैरे नव्हे. लोखंडात माझी दर मंगळवारी शोभा होत होती, तर निदान एका ठिकाणी मला त्यांच्यापेक्षा शहाणं व्हायचं होतं.

तेही फार दिवस टिकलं नाही. त्यांच्या वहीत माझ्या आधीच कोणीतरी लाल शाईने लिहून गेलेलं असायचं: ‘पपा, चिन्ह!!’ ‘पपा, हे काल पण सांगितलं होतं.’ ‘पपा, मी बोलणार नाही आता.’

"आमच्या घरच्या मॅडम," मामा अभिमानाने म्हणायचे. मॅडम अकरावीत होत्या.

एका रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत शिवणयंत्र. मामी शाळांचे गणवेश शिवायच्या. टेबल एकच, त्यामुळे अर्ध्यावर कापलेल्या खाकी चड्ड्या आणि अर्ध्यावर त्रिकोणमिती. मॅडमने मला नमस्कार-बिमस्कार न करता थेट विचारलं, "तुम्हीच का ते, यांना सूत्रं पाठ करायला सांगणारे?"

"हो. का?"

"पपांना पाठांतर जमत नाही. त्यांना हातात काहीतरी द्यावं लागतं." आणि तिने मामांचा गुण्या टेबलावर तिरका टेकवून, त्याची सावली मोजून, साइन आणि कॉस शिकवून दाखवलं. मामा म्हणाले, "म्हणजे उतार किती ते मोजायचं, एवढंच ना? मग तसं सांगायचं की. थीटा-थीटा काय लावलंय दोन महिने!" मी निमूटपणे समोर आलेला चहा प्यालो.

मामी यंत्रावरून मान न उचलता म्हणाल्या, "मी सांगितलंय यांना. पास झालात तर चांगलंच. नापास झालात तरी जेवायला मिळेल. पण पुन्हा रात्री-अपरात्री उठून माझ्या कापडावर खडूने गणितं सोडवलीत, तर मात्र मिळणार नाही."

आता माझी दुसरी चूक. ही जास्त मोठी आहे आणि सांगायला मला अजूनही आवडत नाही.

सेमिस्टरला चार जॉब करायचे असत. चौथा सगळ्यांत कठीण. एका लोखंडी तुकड्याला चौकोनी जीभ ठेवायची, दुसऱ्याला तेवढीच चौकोनी खाच पाडायची, आणि जीभ खाचेत अशी बसली पाहिजे की मधून उजेड जाता कामा नये. मी जीभ घासताना जोशात आलो. बसवली तर खुळखुळ्यासारखी हलायला लागली. लोखंड जास्त असलं तर घासता येतं, कमी झालं तर आणायचं कुठून? तेव्हा वर्गातल्या लंबूने मला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली युक्ती सांगितली. जिभेच्या कडेवर हातोडीने बारीक बारीक ठोके द्यायचे. कड फुगते, फट बुजते, वरून हलकी कानस फिरवली की ब्रह्मदेवालासुद्धा कळत नाही.

ब्रह्मदेवाला कळलं नसतंही. मी जॉब मामांकडे नेला. त्यांनी खिडकीकडे धरला. उजेड नाही. मग त्यांनी जीभ बाहेर काढली, तुकडा उलटा केला आणि दुसऱ्या बाजूने बसवायला गेले. बसेना. मी एकाच बाजूची कड फुगवली होती.

"बावन्न," ते हळूच म्हणाले, आजूबाजूला कोणाला ऐकू जाणार नाही इतकं. "एकाच बाजूने बसतं त्याला बसलं म्हणत नाहीत."

"मामा, वेळ कमी होता."

"ठोकायला वेळ होता ना?" त्यांनी जाळीच्या खिडकीतून नवा तुकडा पुढे सरकवला. "हा घे. आणि जुना टाकू नकोस. टेबलावर ठेव तुझ्या."

तो तुकडा माझ्या टेबलावर अजून आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो, असं मी लोकांना सांगतो.

परीक्षेला महिना राहिला असताना कार्यालयाबाहेर यादी लागली. हजेरी कमी असल्यामुळे परीक्षेला न बसता येणारे विद्यार्थी. लंबू त्यात असणारच म्हणून आम्ही नाचत बघायला गेलो. लंबू नव्हता. एकच नाव होतं. रोल नंबर एकाहत्तर. विषय वर्कशॉप. चौदापैकी शून्य.

आम्ही पोट धरून हसलो. म्हणजे मासा पाण्यात गैरहजर! मग हळूहळू हसू ओसरलं, कारण आम्हाला कारण समजलं. आमच्या तुकडीची हजेरी मास्तर घेत नसत, त्यांना नावं वाचता येत नसत. हजेरी घ्यायचे मामा. अठ्ठेचाळीसपासून सुरू करून सत्तरपर्यंत यायचे आणि रजिस्टर मिटायचे.

"तुम्ही एकाहत्तर का नाही घेतलात?" लंबू ओरडलाच त्यांच्यावर.

मामा ओशाळले. "स्वतःच पुकारायचं आणि स्वतःच ‘हजर’ म्हणायचं... बरं दिसेना रे ते. तुम्ही हसला असतात."

हसलो असतो, हे खरंच होतं.

आम्ही त्यांना घेऊन कार्यालयात गेलो. तिथे हेडक्लार्क भाऊसाहेब, ज्यांना कागदाबाहेरचं जग फारसं मान्य नव्हतं.

"हे बघा," भाऊसाहेबांनी दोन रजिस्टरं शेजारी शेजारी उघडली. "मंगळवार दुपार. या मस्टरवर तुम्ही कामावर हजर. या रजिस्टरात तुम्ही वर्गाला गैरहजर. बरोबरच आहे. एक माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसा असेल?"

"अहो भाऊसाहेब, ठिकाण एकच आहे," मी म्हणालो.

"ठिकाण एक असेल. पण ते तिथे कोण म्हणून होते?"

दहावीला ब्याण्णव टक्के मिळवणाऱ्या माणसाकडे उत्तर नसणं मला नवीन होतं, पण त्या सेमिस्टरला सवय होत चालली होती.

मग आम्ही आमच्या परीने उत्तर काढलं. मास्तरांना भेटलो. मास्तर टेबलावर रजिस्टर ठेवून म्हणाले, "माझं चष्म्याचं घर कुठंतरी पडलंय. शोधून येतो. अर्धा तास लागेल." चष्म्याचं घर त्यांच्या खिशात होतं, आम्हाला दिसत होतं. मी आणि लंबूने एकाहत्तरच्या ओळीत चौदा वेळा ‘ह’ लिहिला. तीन वेगवेगळ्या पेनांनी, कधी जरा तिरका, कधी जरा फिका. लंबूने एके ठिकाणी कलाकुसर म्हणून शाईचा डागही पाडला.

दुसऱ्या दिवशी आमच्यासमोरच मामांनी हजेरीची बेरीज करायला रजिस्टर उघडलं. पानावर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी खिशातली पोलादी पट्टी काढली, लाल पेन काढलं आणि चौदाही ‘ह’वरून एक रेघ मारली. इतकी सरळ रेघ त्या रजिस्टरात आधी कोणी मारली नसेल.

"मामा, अहो, तुम्ही होतात ना इथे!" मी कळवळून म्हणालो. "चौदाच्या चौदा दिवस होतात! यात खोटं काय आहे?"

"होतो. पण शेगड्यापाशी कोण होतं? तू. घासत कोण होतं? तू." त्यांनी रजिस्टर मिटलं. "माझे चार जॉब दाखव मला, मी हजेरी मान्य करतो."

"पण वर्ष जाईल तुमचं! वर्ष कसलं, सगळंच जाईल!"

"जाईल," ते म्हणाले. "मला काय ते कळत नाही? पण तुझा फुगवलेला तुकडा मी परत केला होता ना, बावन्न? मग हा कसा घेऊ?"

आणि ते रजिस्टर घेऊन स्वतःच कार्यालयात गेले. मी मागोमाग. भाऊसाहेबांसमोर त्यांनी पान उघडलं. "ही खाडाखोड मी केलीय. हजेरी खरी नव्हती."

"लिहिली कोणी?" भाऊसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"ते नाही माहीत. पण ज्यानं लिहिली त्यानं अक्षर सुधारायला हवं."

भाऊसाहेब पानाकडे बघत राहिले. आयुष्यभर त्यांनी लोकांना हजेरी वाढवून मागताना पाहिलं होतं. खोडून आणणारा त्यांच्या कुठल्याच फायलीत बसत नव्हता.

"भाऊसाहेब, एक विचारू?" मामा म्हणाले. "मी रजेवर असलो तर मी कोण?"

"रजेवर? मग तुम्ही... कोणीच नाही."

"कोणीच नाही, तर विद्यार्थी होऊ शकतो?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. नियमांचं पुस्तक काढलं. आम्ही उभे. पंधरा मिनिटांनी त्यांनी मान वर केली आणि मी पहिल्यांदा त्यांचे दात पाहिले. "रजेवरचा कर्मचारी आपल्या वेळेचा मालक असतो. बुडालेल्या तासिका दुसऱ्या तुकड्यांबरोबर भरून काढता येतात. दिवसाला दोन तुकड्या असतात. सात दिवस." मग जरा थांबून, जणू त्यांनीच जॉब घासला होता अशा थाटात, "बसतंय!"

एकवीस वर्षांत मामांनी रजा जवळपास घेतलीच नव्हती. आता त्यांनी सलग सात दिवस घेतली आणि सातही दिवस नेहमीच्याच वेळी, नेहमीच्याच ठिकाणी आले. फक्त निळा डगला घरी ठेवून, पांढऱ्या सदऱ्यात. मामींनी त्या सदऱ्याच्या खिशाला ठळक दोरा घालून एकाहत्तर आकडा भरून दिला होता.

आमची व्याख्यानं संपली होती. हत्यारांच्या खोलीत आमच्यापैकी दोघांनी पाळीने उभं राहायचं, असं मास्तरांनी ठरवलं. पहिल्या दिवशी मी होतो. मामा रांगेत चौथे उभे राहिले. पुढच्यांना बाजूला करा म्हटलं तर मानेनंच नको म्हणाले. खिडकीशी आले, बिल्ला ठेवला. गडबडीत मी त्यांना एक झिजलेली, बोथट कानस दिली. त्यांनी तिच्यावर एक नजर टाकली आणि घेऊन गेले. मला संध्याकाळी कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, सांगायचंत तरी!"

"विद्यार्थी कानशीबद्दल तक्रार करतो तेव्हा मी त्याला काय सांगतो?" ते म्हणाले. "‘हातात आहे तिने घास.’ आता बघितलं, किती खोटं बोलत होतो मी. बोथट कानशीनं नाही घासता येत."

पण खरं संकट वेगळंच निघालं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मामांचा पहिलाच जॉब पुरा झाला नव्हता. हात त्यांचा, शेगडा त्यांचा, पण कान सगळ्या वर्कशॉपभर. कुठे कानस किंचाळली की हे आपला तुकडा सोडून तिकडे. कुठे कोणी म्हटलं, "मामा, हे बघा ना," की हे चालले. दुसऱ्याचं लोखंड सरळ होत होतं आणि त्यांचं तसंच. चार दिवस राहिले, चार जॉब राहिले. मास्तरांनी साफ सांगितलं, "हजेरी भरेल, पण जॉब अपुरे राहिले तर परीक्षेचा दरवाजा बंद. मी चष्मा हरवूनही काही करू शकणार नाही."

त्या संध्याकाळी आम्ही प्रत्येक तुकडीत जाऊन फर्मान काढलं. चार दिवस मामांना कोणी काही विचारायचं नाही. अडलं तर शेजाऱ्याला विचारा. शेजाऱ्याला येत नसेल तर दोघे मिळून चुका.

ते चार दिवस मी विसरणार नाही. दीडदोनशे मुलं जिभा चावून काम करत होती. एका पोराने सवयीने "माऽ" एवढंच म्हटलं आणि वीस जण एकदम "शूऽऽ" करून त्याच्यावर धावले. मामांनी मान वर केली. "काय रे?" "काही नाही!" वीस जण म्हणाले. मुलं एकमेकांचे तुकडे खिडकीकडे धरायला लागली. "उजेड दिसतो?" "दिसतो." "नीट बघ." "नीटच बघतोय, तुझा आहे म्हणून दिसतोय." एकवीस वर्षं एका माणसाच्या तोंडून निघालेली वाक्यं भिंती पाठ म्हणून दाखवत होत्या. मामा खाली मान घालून घासत होते. त्यांना ऐकू येत होतं, हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

सातव्या दिवशी पाचाला वीस मिनिटं कमी असताना त्यांचा चौथा जॉब झाला. जीभ आणि खाच. त्यांनी तो स्वतः खिडकीकडे धरला नाही. मला हाक मारली.

"बावन्न, बघ. उजेड दिसतो का?"

"मी?"

"तू. माझा आहे म्हणून मला दिसणार नाही."

मी जॉब हातात घेतला. खिडकीतून पिवळं ऊन आत येत होतं. सगळं वर्कशॉप थांबलं होतं. तीन बाजू काळ्याकुट्ट. आणि चौथीच्या उजव्या कोपऱ्यात, केसाहून बारीक, एक चमचमती रेघ.

वीस मिनिटं. एवढ्यात त्यांनी काही बिघडवलं तर नवा तुकडा घ्यायला वेळ नव्हता. ‘नाही’ म्हटलं असतं तर मास्तरांनी डोळे मिटून सही केली असती, नव्हे, उघडून केली असती तरी फरक नव्हता. लंबू मागून मला कोपराने ढोसत होता.

"दिसतो," मी म्हणालो. "उजव्या कोपऱ्यात. थोडासा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. शाबासकी वगैरे काही दिली नाही. फक्त एकदा मान हलवली, जशी एक कारागीर दुसऱ्याकडे बघून हलवतो. तुकडा शेगड्यात लावला, बारीक कानस घेतली, खडू लावला. नऊ वेळा हात फिरला. मी मोजलं. मग त्यांनी जीभ खाचेत सरकवली, काढली, उलटी करून पुन्हा सरकवली. दोन्ही वेळा तोच आवाज आला, डबीचं झाकण लागतं तसा. मी खिडकीकडे धरलं. अंधार.

"नाही दिसत!" मी जवळजवळ किंचाळलो. मग जो गोंगाट झाला, त्यात मास्तरांनी खरंच चष्मा पाडला.

निकाल लागला. गणितात मामांना एक्केचाळीस. पास व्हायला चाळीस लागत. घरच्या मॅडम म्हणाल्या, "एक मार्क उगाच वाया घालवलात." वर्कशॉपात बाहेरून आलेल्या परीक्षकाने त्यांना पन्नासपैकी त्रेचाळीस दिले. मला चव्वेचाळीस. मी लाजेने तोंड लपवत होतो, तर ते यादीपुढे उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. "हा बघा, माझ्यापेक्षा पुढे गेला. शिकवणारा बरा मिळाला असेल."

उन्हाळ्यात मास्तर निवृत्त झाले. पावसाळ्यात मी दुसऱ्या वर्षाला गेलो आणि एका मंगळवारी दुपारी वर्कशॉपच्या दारात मुद्दाम रेंगाळलो. नवी तुकडी, नवे कोरे चेहरे. टेबलावर कार्डांचा गठ्ठा, शेजारी गुण्या. मामांचा डगला तोच निळा, खिशाला पेन्सिलींच्या सोबतीला आता एक शाईचं पेन. ते उभं राहून हजेरी घेत होते.

"एकोणसत्तर?"

"हजर."

"सत्तर?"

"हजर."

त्यांचं बोट शेवटच्या ओळीवर आलं. त्यांनी एकदा दाराकडे, माझ्याकडे पाहिलं.

"एकाहत्तर?"

"हजर," शेवटच्या शेगड्यापाशी उभी असलेली एक मुलगी पुटपुटली.

"मोठ्यांदा," मामा म्हणाले. "हा नंबर जरा मोठ्यांदा सांगायचा."